आईचा जन्मदाखलाच नाहीये, तरी ग्रीन कार्डचा अर्ज करता येतो का?

हो, करता येतो. दाखला नाही म्हणून केस अडत नाही हे सगळ्यात आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नात काळजी स्पष्ट दिसतेय. बाकी वाचणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात असा आहे: प्रश्न विचारणारे अमेरिकन सिटिझन झालेत, आईवडिलांना ग्रीन कार्डवर आणायचंय. आईचा जन्म १९५६ चा, पाटण तालुक्यातल्या एका गावात, घरीच झालेला, जन्मदाखला नाही. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव हौसाबाई आणि पासपोर्टवर सासरचं सुनंदा. लग्न १९७८ चं, रजिस्टर केलेलं नाही. यांचा स्वतःचा जन्म १९८५ चा, कराडला, दाखला आहे पण त्यावर बाळाचं नाव रिकामं. आणि तालुक्याचा एक एजंट म्हणतोय की आठ दिवसांत आईचा नवाकोरा जन्मदाखला काढून देतो, तर तो काढावा का.

नका काढू. प्लीज नका काढू. मी न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलांच्या ऑफिसात बरीच वर्षं फॅमिली केसेसची कागदपत्रं लावायचं काम करते, वकील नाहीये, पण महाराष्ट्रातल्या आईवडिलांच्या फायली इतक्या हाताखालून गेल्यात की एवढं खात्रीने सांगू शकते: या कामात नवीन कागद बनवायचा नसतो, जुना कागद शोधायचा असतो. पिवळा पडलेला, कोपरा फाटलेला, मास्तरांच्या अक्षरातला १९६२ चा एक उतारा, त्याचं वजन मागच्या आठवड्यात छापलेल्या चकचकीत दाखल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, कारण तो लिहिला तेव्हा कुणाच्या डोक्यात अमेरिका नव्हती.

आता आधी एक गोष्ट जी नव्वद टक्के लोक गोंधळतात, ती म्हणजे कुठला कागद कुठल्या टप्प्यावर लागतो. सगळे आईच्या जन्मदाखल्याच्या मागे धावतात, पण पहिल्या अर्जात, म्हणजे आय-१३० मध्ये, तो लागतच नाही! तिथे यूएससीआयएसला, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला, एवढंच बघायचं असतं की ही बाई खरंच तुमची आई आहे का. त्यासाठी लागतो तुमचा जन्मदाखला, ज्यावर तुमचं आणि आईचं नाव आहे, आणि तुमच्या सिटिझनशिपचा पुरावा. वडिलांसाठी तुमचा दाखला अधिक आईवडिलांच्या लग्नाचं सर्टिफिकेट. आईचा स्वतःचा जन्माचा पुरावा लागतो नंतर, आय-१३० मंजूर झाल्यावर केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे म्हणजे एनव्हीसीकडे जाते तेव्हा, आणि मग मुंबईला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूच्या वेळी ओरिजिनल दाखवायला. म्हणजे तुमच्या केसमध्ये आज सगळ्यात अर्जंट काय आहे? आईचा दाखला नाही, तुमच्या स्वतःच्या दाखल्यावरची रिकामी जागा.

आणि दोघांचे अर्ज वेगवेगळे हं. एकाच आय-१३० मध्ये आई आणि वडील दोघं येत नाहीत, नवऱ्याच्या मागे बायको हा प्रकार या कॅटेगरीत नाहीये, दोन फॉर्म, दोन फी. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन भरला तर प्रत्येकी ६२५ डॉलर आणि कागदावर भरला तर ६७५. धाकटी बहीण अजून बिनलग्नाची आहे, तिला आईबरोबर आणता येईल का असंही लोक विचारतात, तर नाही, सिटिझनच्या आईवडिलांबरोबर कुणीच जोडीला येत नाही.

तुमच्या रिकाम्या नावाचं बघू. १९८५ ला कराडच्या दवाखान्यात जन्म झाला, दवाखान्याने नगरपालिकेला कळवलं, तेव्हा बारसं व्हायचं होतं, म्हणून रजिस्टरला "मुलगा" एवढंच, वडिलांचं नाव, आईचं नाव, तारीख. पुढे कुणी जाऊन नाव घातलंच नाही. हे आपल्याकडे घरोघर आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९, त्याच्या कलम १४ मध्ये नंतर नाव घालायची सोय आहे, पण मोठ्या माणसांसाठी मुदतीचा प्रश्न येतो, सरकार ती मुदत अधूनमधून वाढवून देतं, तेव्हा कुणाला तरी नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात पाठवून आजच्या घडीला काय चालू आहे ते विचारा. नाव घालून मिळालं तर उत्तम, हे नवीन कागद बनवणं नव्हे, जुन्याच नोंदीत नाव भरणं आहे, नोंदणीची तारीख १९८५ चीच राहते आणि तीच आपल्याला हवी असते. नाही मिळालं तर तोच रिकामा दाखला लावायचा, आणि त्याला जोडून शाळा सोडल्याचा दाखला, जुनं रेशन कार्ड ज्यात कुटुंबातली सगळी नावं आहेत, आणि तुमचा जुना भारतीय पासपोर्ट, ज्याच्या शेवटच्या पानावर आईचं आणि वडिलांचं नाव असतं. तो पासपोर्ट सिटिझनशिपनंतर सरेंडर केलात तरी रद्दचा शिक्का मारून परत मिळतो, तो फेकू नका, पुष्कळांनी फेकलाय.

काही जण अमेरिकेतल्या भारतीय कॉन्सुलेटकडून जन्माचं सर्टिफिकेट घेतात. ते पासपोर्टवरून बनतं, जन्माच्या वेळच्या नोंदीवरून नाही, त्यामुळे त्याच्यावर एकट्यावर विसंबू नये, जोडायचं तर जोडा.

आता आई. इथे खरं काम आहे आणि इथेच जास्त लिहिणार आहे.

जन्मनोंदणीचा कायदा आपल्याकडे १ एप्रिल १९७० ला लागू झाला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने प्रत्येक देशासाठी कुठले कागद चालतात याची यादी केलेली आहे, त्यात भारताच्या पानावर याच तारखेची रेघ मारलेली आहे, म्हणजे १ एप्रिल १९७० च्या आधी जन्मलेल्यांसाठी नियम सैल आहेत, कारण तेव्हा सगळ्या जन्मांची नोंद व्हायची नाही हे त्यांनाही माहीत आहे. अशा माणसाकडे जन्मदाखला नसेल, किंवा आहे पण नाव नाही, तर शाळा सोडल्याचा दाखला चालतो, किंवा आईवडिलांचं नाहीतर वयाने मोठ्या जवळच्या नातेवाईकाचं नोटराइज्ड अ‍ॅफिडेव्हिट चालतं. सोबत ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं पत्र, की आमच्याकडे ही जन्मनोंद सापडत नाही. १९५६ म्हणजे आई या रेघेच्या आधीच्या बाजूला आहेत, सरळ सरळ. मग एजंटकडून दाखला काढायची गरजच काय?

नोंद नसल्याचं पत्र म्हणजे कायद्याच्या कलम १७ खाली रजिस्टर शोधून देतात तो नमुना १०. ग्रामसेवकाकडे अर्ज करायचा, आईचं माहेरचं पूर्ण नाव, त्यांच्या आईवडिलांची नावं, जन्मसाल, गाव. एक काळजी घ्या, पत्र माहेरच्या गावाचं पाहिजे, सासरच्या नाही, आणि शोध माहेरच्या नावाने घेतलेला पाहिजे. "सुनंदा" या नावाने १९५६ च्या रजिस्टरमध्ये शोधलं तर सापडणार नाहीच, पण ते पत्र काही सिद्धही करत नाही, आणि मुंबईला इंटरव्ह्यू घेणारे ऑफिसर हे ओळखतात.

पण त्याआधी खरोखर शोधा. तहसील कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनी कोतवाल बुकं असतात, गाव नमुना नंबर १४, त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असायचे. कुणबी दाखल्यांच्या निमित्ताने हे शब्द आता सगळ्यांना पाठ झालेत, कित्येक तालुक्यांत ती बुकं स्कॅनही झालीत. त्यात बाळाचं नाव बहुतेक नसतं, बापाचं नाव, जात, "मुलगी", तारीख, बस्स. जुनी असतील तर मोडीत लिहिलेली, वाचायला मोडी जाणकार लागतो. तरीसुद्धा नक्कल मिळाली तर सोन्यासारखी आहे, कारण ती जन्माच्या वेळची सरकारी नोंद आहे.

इथे एक अडचण येऊ शकते ती आधीच सांगते. आईच्या पासपोर्टवर तारीख बहुधा १ जून १९५६ असेल. त्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जून आहे, कारण शाळेत घालताना मास्तरांनी वय अंदाजे धरून ती तारीख टाकली आणि तीच पुढे सगळीकडे गेली. कोतवाल बुकात समजा नोव्हेंबर १९५५ ची तारीख निघाली तर लोक घाबरून ती नक्कल लपवतात. लपवू नका. आईवडिलांच्या कॅटेगरीत आईचं वय सहा महिने इकडे तिकडे झाल्याने काहीच मिळत नाही आणि काहीच जात नाही, त्यामुळे फसवणुकीचा हेतू कुणी लावत नाही, पण दोन तारखा का आहेत हे अ‍ॅफिडेव्हिटमध्ये साध्या शब्दांत लिहायला पाहिजे आणि अशा वेळी एकदा वकिलाला पैसे देऊन विचारलेलं चांगलं.

शाळेचा कागद. आई चौथीपर्यंत का होईना शाळेत गेल्या असतील तर गावातल्या झेडपी शाळेत जनरल रजिस्टर असतं, जिल्हा परिषदा १९६२ च्या मे महिन्यात आल्या, त्याच्या आधी लोकल बोर्डाची शाळा होती पण रजिस्टर बहुतेक त्याच कपाटात पुढे चालू राहिलेलं असतं. मुख्याध्यापकांकडे प्रवेश निर्गम उतारा मागा. तुमच्याकडे आईचा दाखला आहे असं म्हणताय, तो दुसरी प्रत असेल तर हा उताराही घ्याच, कारण मूळ रजिस्टरच्या पानाची सही-शिक्क्याची झेरॉक्स दाखल्याला आधार देते. एका फायलीत मी असं पान बघितलंय, उभ्या रकान्यांत बोरूच्या अक्षरात नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख आकड्यात आणि खाली अक्षरात, शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण "घरकाम". त्या एका पानाने जन्मगाव, तारीख आणि वडिलांचं नाव तिन्ही गोष्टी निकालात काढल्या. राहिलं फक्त आईच्या आईचं नाव, कारण त्या काळच्या शाळेच्या कागदावर विद्यार्थ्याच्या आईचं नाव नसायचं. ते अ‍ॅफिडेव्हिटमधून येतं.

अ‍ॅफिडेव्हिट कुणाचं? तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी हयात असेल तर त्यांचं, नाहीतर थोरली मावशी, मामा, म्हणजे आईपेक्षा वयाने मोठं माणूस. आई आता सत्तरीला आल्या म्हणजे हे लोक पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढचे, म्हणून हे काम आधी करा, आय-१३० भरायच्याही आधी केलं तरी चालतं. मी नेहमी दोन करायला सांगते, कारण पुढे कधी यूएससीआयएसने मागितलं तर त्यांच्या नियमात किमान दोन अ‍ॅफिडेव्हिट लागतात आणि ती देणारे अर्जातले पक्षकार नसावे लागतात, म्हणजे तुमचं स्वतःचं नाही चालत. मजकूर कोर्टाबाहेर टायपिस्टकडे तयार मिळतो तो घेऊ नका, त्यात "मी सत्य प्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर इसम" वगैरे दोन ओळी असतात आणि कामाचं काही नसतं. लिहायचं ते असं: मावशीचं पूर्ण नाव, वय, पत्ता, आईशी नातं, आईचं माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं, जन्मतारीख, गाव-तालुका-जिल्हा, त्यांच्या आईवडिलांची पूर्ण नावं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मावशीला हे कसं माहीत. "मी त्या वेळी नऊ वर्षांची होते, आमच्या राहत्या घरी सुईणीच्या हातून धाकट्या बहिणीचा जन्म झाला, मी घरात होते" या एका वाक्यासाठी सगळं अ‍ॅफिडेव्हिट असतं. तारीख नक्की आठवत नसेल तर "शाळेच्या नोंदीप्रमाणे" असं लिहा, न आठवणारी गोष्ट म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी घालू नका. मराठीत केलं तरी चालतं, मावशीला वाचता आलं पाहिजे.

हौसाबाई ते सुनंदा. लग्नात तांदळात नाव लिहून बायकोचं पाळण्यातलं नावसुद्धा बदलणं हे आपल्याला नॉर्मल आहे, पण अमेरिकन ऑफिसरला आडनाव बदलणं समजतं, पहिलं नाव कसं काय बदललं हे समजत नाही. म्हणून आय-१३० मध्ये आणि पुढे डीएस-२६० मध्ये, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात, "इतर नावं" विचारतात तिथे माहेरचं पूर्ण नाव लिहायचंच लिहायचं. वरच्या अ‍ॅफिडेव्हिटमध्ये दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत आणि लग्नात नाव बदललं हे यायला पाहिजे. लग्नपत्रिका जपून ठेवली असेल तर बघा, कधी कधी त्यावर माहेरचं नाव असतं. राजपत्रात आता नाव छापून आणा असं कुणी सांगेल, त्याने नुकसान नाही, पण १९७८ ला काय झालं हे आजच्या राजपत्राने सिद्ध होत नाही, म्हणून मी त्यावर वेळ घालवायला सांगत नाही.

लग्नाचं सर्टिफिकेट मात्र आज काढलं तरी चालतं, आणि हे मी वर म्हटलं त्याच्या उलट वाटेल म्हणून फरक सांगते. महाराष्ट्रात लग्नाची नोंदणी उशिरा करायची रीतसर सोय आहे, १९९८ च्या कायद्याखाली, नवरा-बायको दोघं जिवंत आहेत, स्वतः हजर राहतात, तीन साक्षीदार सही करतात, आणि सर्टिफिकेटवर लग्नाची तारीख १९७८ आणि नोंदणीची तारीख आजची अशी दोन्ही स्पष्ट येतात. यात काही लपलेलं नाही. सोबत जुने ब्लॅक अँड व्हाइट फोटो, पत्रिका लावा. लग्नाच्या वेळी हजर असलेला साक्षीदार मिळाला तर फारच छान. वडिलांच्या अर्जासाठी हे लागणारच आहे, तेव्हा पुढच्या महिन्यातच करून टाका.

जन्माची उशिरा नोंद वेगळी का, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १३ खाली एक वर्षानंतरची नोंद मॅजिस्ट्रेटच्या आदेशाने व्हायची, १ ऑक्टोबर २०२३ पासूनच्या दुरुस्तीनंतर ते अधिकार महसूल खात्याकडे आले. २०२५ मध्ये महाराष्ट्रात अशा उशिराच्या दाखल्यांवर मोठी चौकशी लागली आणि नायब तहसीलदारांनी दिलेले कित्येक दाखले रद्द झाले. तुमच्या एजंटने "करून" आणलेला दाखला उद्या या झाडाझडतीत उडाला तर? आणि रीतसर मार्गाने काढला तरी ७० वर्षांनी केलेली नोंद बघून ऑफिसर विचारणारच की हे कशाच्या आधारावर केलं, म्हणजे शेवटी शाळेचा उतारा आणि मावशीचं अ‍ॅफिडेव्हिट यावरच यायचं.

खोटा निघाला तर काय होतं ते ऐका, कारण एजंट हे सांगत नाही. अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये फ्रॉड तपासणारा वेगळा विभाग असतो आणि ते रजिस्टरशी पडताळणी करू शकतात. खोटा कागद जाणूनबुजून दिला असं ठरलं तर त्या माणसावर अमेरिकेत यायची कायमची बंदी लागू शकते. त्याला माफीचा अर्ज असतो, पण तो ज्याचा नवरा, बायको, आई किंवा वडील अमेरिकन सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाले आहेत त्यालाच करता येतो. मुलगा सिटिझन असून उपयोग नाही! म्हणजे तुमच्या आईंना, ज्यांचे आईवडील आणि नवरा इथे नाहीत, माफीचा रस्ताच उरत नाही. ज्या बाईचं आईपण शंभर टक्के खरं आहे तिची केस एका नको असलेल्या कागदापायी कायमची बुडते, हे बघून मला खरंच वाईट वाटतं. पुरावा कमी पडला तर कॉन्सुलेट फार तर डीएनए टेस्ट सुचवतं, ती खर्चिक आहे पण त्याने नातं सिद्ध होतं आणि विषय संपतो. कमी कागदाला उपाय आहे, खोट्या कागदाला नाही.

बाकीचं भराभर सांगते. मराठी कागदांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर, शिक्के आणि समासातली नोंद धरून, आणि खाली भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे पूर्ण आणि अचूक आहे. सरकारमान्य भाषांतरकार लागत नाही, पण तुम्ही स्वतः करू नका, मित्राकडून करून घ्या. यूएससीआयएसने अजून पुरावा मागितला तर जास्तीत जास्त १२ आठवडे मिळतात आणि ती मुदत वाढत नाही, म्हणून तर म्हणते की गावचे कागद आधी गोळा करा, ग्रामसेवक एका आठवड्यात भेटेलच असं नाही. आधार कार्ड जन्मतारखेचा पुरावा म्हणून लावू नका, हल्ली कार्डावरच तसं छापलेलं असतं. एनव्हीसीला माणशी ३२५ डॉलर आणि आय-८६४ चे १२०. आय-८६४ म्हणजे तुमच्या उत्पन्नाची हमी, दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के, तुम्ही, बायको, दोन मुलं आणि आईवडील मिळून सहा जण धरले तर २०२५ च्या तक्त्याप्रमाणे ५३,९३७ डॉलर. डीएस-२६० मध्ये वयाच्या १६ व्या वर्षापासूनचे सगळे पत्ते विचारतात, आईबरोबर फोनवर बसून एकदा शांतपणे लिहून काढा, आणि सगळ्या मुलांची नावं द्या, लग्न झालेल्या मुली, वारलेलं मूल असेल तर तेही. वडील गल्फला कामाला होते का? कुठल्याही दुसऱ्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिले असतील तर तिथलं पोलीस सर्टिफिकेट लागतं, आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ जातो. भारताचं पोलीस सर्टिफिकेट (पीसीसी) पासपोर्ट सेवा केंद्रातून, ते सोपं आहे, ते शेवटी करा.

आणि अर्ज करायच्या आधी आईवडिलांना एकदा नीट विचारा की त्यांना इथे राहायचंय ना. ग्रीन कार्ड म्हणजे येऊन जाऊन असायचा व्हिसा नाही, वर्षभर गावी राहिलं तर ते हातचं जाऊ शकतं, आणि आय-१३० भरल्यावर व्हिजिटर व्हिसा मिळणं अवघड होतं कारण कायमचं राहायचा इरादा तुम्हीच कागदावर लिहून दिलेला असतो. पाटणला शेती आहे, घर आहे, आईंचं माणसांत मन रमलंय असं तुम्हीच लिहिलंय. त्यांच्याकडे दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा आधीच असेल आणि दरवर्षी चार-पाच महिने येणं दोघांना पुरत असेल तर थोडं थांबा, तोवर मावशीचं अ‍ॅफिडेव्हिट आणि शाळेचा उतारा मात्र करून ठेवा, ते दोन्ही कागद कधीही वापरले तरी चालतात.

मोडी नक्कल मिळाली आणि वाचायला कुणी सापडत नसेल तर इथेच लिहा. कोतवाल बुकाच्या पानाचा फोटो टाकणार असाल तर आजूबाजूच्या कुटुंबांची नावं झाका.